फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

प्रश्न : मी सहावीची वर्गशिक्षिका. चांगलं वागेल त्याला तक्त्यावर चांदणी आणि दंगा करेल त्याचं नाव फळ्यावर, अशी पद्धत सुरू केली. पंधरा दिवस छान गेले. आता नुसत्या वह्या गोळा करायला सांगितल्या तरी मुलं विचारतात, "बाई, चांदणी मिळणार?" आणि एका मुलाचं नाव फळ्यावरून उतरतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : जे माझं दहा-बारा वर्षं चुकत होतं तेच. माझ्या वर्गातला असाच एक मुलगा. एका सकाळी मी वर्गात शिरले तर फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव आधीच लिहिलेलं, त्याच्याच तिरक्या अक्षरात. म्हणाला, "बाई, नंतर लिहिणारच ना, म्हणून मीच लिहून टाकलं." वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. त्या नावाची त्याला लाज वाटेनाशी झाली होती. वर्गातली त्याची जागाच ती!

तेव्हा उद्या काही न बोलता नाव पुसा. त्या मुलाशी रोज दोन मिनिटं बोला, पण वागणुकीचा विषय सोडून. आधी तो संशयाने बघेल, बघू द्या. टोकायचं झालं तर बाकाशी जाऊन, हळू आवाजात. चारचौघांत टोकलं की या वयाची मुलं उलट बोलणारच, मित्र बघत असतात ना.

चांदण्यांचं म्हणाल, तर १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली आणि त्यातल्या काहींना 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र' असं आधीच कबूल केलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे घोळ आहे तो आधी ठरलेल्या सौद्यात. म्हणून 'शहाणी मुलगी' म्हणण्यापेक्षा "तू खुर्ची आत सरकवलीस, त्याला जायला वाट झाली" असं म्हणा. नेमकं सांगितलेलं मुलांच्या लक्षात राहतं.

आणखी एक. जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं व्हिडिओ चित्रण करून अभ्यास केला, १९७० साली पुस्तक लिहिलं. दंगा झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून वर्ग शांत राहणार की नाही हे ठरत नाही, असं त्यांना आढळलं. फरक पडत होता तो आधीच्या गोष्टींनी : शिक्षकाची नजर साऱ्या वर्गावर आहे का, एका कामातून दुसऱ्याकडे जाताना मुलं रेंगाळतात का. तुमच्याकडे दंगा नेमका कधी होतो, ते आठवडाभर टिपून ठेवा. माझ्याकडे तो वह्या वाटताना व्हायचा. वह्या आधीच बाकांवर ठेवायला लागले आणि निम्मी कटकट गेली.

तक्ता लगेच फाडू नका हं. कबूल केलेल्या चांदण्या देऊन टाका. तो भरला की नवा लावू नका.