जहाल डावे म्हणजे 'सगळे सरकारजमा करा' म्हणणारेच का?

'जहाल डावे म्हणजे सर्वांची मालमत्ता सरकारजमा करू पाहणारे लोक ना, आणि गिरण्या मोजक्याच असलेल्या खानदेशात त्यांना कोण विचारणार?' असे आपण विचारले आहे. मी धुळ्याचा असल्याने खानदेशापासूनच सुरुवात करतो, कारण तेथे आपल्या पहिल्या समजुतीच्या जवळजवळ उलटे घडले.

आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहादा-तळोदा भागात भिल्ल आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि उसन्या धान्याच्या फेडीत सावकारांकडे व सधन शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि एकेकाळचे कसणारे त्याच शिवारात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, म्हणून राबू लागले. आदिवासी पुढारी अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने तेथे भूमुक्तीची मागणी उभी राहिली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली आणि डाव्या विचारांचे शहरी तरुणही तिच्यात आले. गेलेली जमीन परत द्या, सालदाराला रास्त मोबदला द्या, दुष्काळात काम द्या, अशा तिच्या मागण्या होत्या. बायकांनी तर दारूच्या गुत्त्यांवरच मोर्चे नेले, हे त्या वेळच्या पुढाऱ्यांच्या पोथीत कुठेही लिहिलेले नव्हते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे. त्याचे श्रेय एकट्या शहाद्याला देता येणार नाही, पण ज्या अन्यायावर तो होता तो शहाद्याने चव्हाट्यावर आणला होता, हे नक्की.

सातपुड्यात तर सर्वांत मोठा जमीनदार सरकारच, म्हणजे वनखाते. तेथील डाव्या संघटना पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करावी म्हणून सरकारशीच भांडत आल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारी जमीन वारसाहक्काने पुढे जाते, परंतु विकता येत नाही आणि तिला चार हेक्टरांची मर्यादा आहे. तिला खासगी म्हणावे की सरकारी, हे आपणच ठरवा.

मालकीच्या प्रश्नावर न थांबता तो जातीपर्यंत नेला धुळ्याच्याच कॉम्रेड शरद पाटील यांनी. जात हा आर्थिक पायावरचा केवळ इमला आहे, पाया बदलला की तो आपोआप कोसळेल, हे रूढ मार्क्सवादी म्हणणे त्यांना मान्य नव्हते. जातिव्यवस्था हीच शोषणाची एक स्वतंत्र रचना आहे, म्हणून वर्गलढ्याबरोबर जातिअंताचा लढाही हवा, असे ते म्हणत. याच मतभेदातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले व आंबेडकर यांची सांगड घालणारा विचार मांडला, ज्याला कार्यकर्ते 'माफुआ' म्हणतात. माझ्या मते खानदेशाने महाराष्ट्राच्या डाव्या विचाराला दिलेली ही सर्वांत मोलाची भर आहे, जरी त्यांचे लेखन संस्कृत आणि पाली आधारांनी इतके भरलेले आहे की ज्यांच्यासाठी ते होते त्या शेतमजुरांपर्यंत ते कार्यकर्त्यांच्या तोंडूनच पोहोचले. निवडणुकीत मात्र या प्रवाहाला मते फारशी मिळाली नाहीत. मोर्च्यात लाल झेंडा धरणारा माणूस मतदानाच्या दिवशी आपल्या गावचे, जातीचे आणि सोसायटीच्या कर्जाचे हिशेब वेगळे मांडतो.