पोस्टरआधी पावतीपुस्तक
अरे, बीबीएच्या पहिल्याच वर्षी दानोत्सवाचं (२ ते ८ ऑक्टोबर, देशभरचा देण्याचा सप्ताह) काम अंगावर घेतलंस, छान. पण पोस्टरआधी पावतीपुस्तक बघ. ज्या संस्थेसाठी देणगी गोळा करतोयस, पावती तिचीच हवी आणि पैसेही थेट तिच्याच क्यूआर कोडवर. तुझ्या खात्यात एक रुपयाही नको. आम्ही तो घोळ घातला होता, हिशेब जुळवता जुळवता परीक्षा आली! २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांग. रोख देणगीचा डबा रोज दोघांनी मिळून मोजायचा, सह्यांसकट.

चर्चासत्रांना जातोस ना? तिथे नुसती कार्डं गोळा करत फिरू नकोस. एकाच वक्त्याला गाठ, नेमका प्रश्न विचार, दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल टाक. आमचा पहिला प्रायोजक असाच मिळाला. समोसे मात्र सोडू नकोस.