‘इन्सेमिनॉइड’मधलं बाळंतपण

तुमचे दोन प्रश्न आहेत. ‘इन्सेमिनॉइड’ (१९८१) हा ब्रिटिश भयपट म्हणजे ‘एलियन’ या गाजलेल्या अवकाश-भयपटाची स्वस्तातली नक्कल आहे की त्यात घेण्यासारखं काही आहे, हा पहिला. दुसरा असा, की तुम्हाला परग्रही गर्भावर पंधरा मिनिटांची भयकथा करायची आहे, पैसे जेमतेम आहेत, प्राणी बनवायला तर नाहीतच. मग या सिनेमातून काय उचलता येईल? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. शेवट सांगितल्याशिवाय यावर बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. यातली नायिका ज्युडी गीसन किंचाळायला लागली की आम्ही मैत्रिणी हसत होतो. दुसऱ्यांदा पाहिला तो मुलगी दोन वर्षांची झाल्यावर. त्या वेळी बाळंतपणाचा प्रसंग आला आणि मी टीव्ही बंद करून उठले. सिनेमा तोच होता. तेव्हापासून तो मी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल, आणि माझं मत दरवेळी जास्त पक्कं होत गेलंय: यातली भीती त्या प्राण्यात नाहीच, ती गीसनच्या अंगात आहे.

गोष्ट अशी. एका थंडगार, उजाड ग्रहावर बारा जणांची तुकडी एका लुप्त संस्कृतीच्या थडग्यांचं उत्खनन करतेय. त्या ग्रहाला दोन सूर्य आहेत आणि त्या संस्कृतीत जुळेपणाला मोठं स्थान होतं, असं शिलालेखांवरून कळतं. भुयारात स्फटिक सापडतात, स्फोट होतो, एक जण वेडापिसा होतो. मग सँडी, म्हणजे गीसन, भुयारात असताना तिच्यावर हल्ला होतो आणि तिच्या पोटात परका गर्भ घातला जातो. तुकडीतल्या बायकांना गर्भनिरोधक इंजेक्शनं दिलेली आहेत, तरी डॉक्टर तपासतो तेव्हा ती गरोदर निघते आणि तो गर्भ भलत्याच वेगाने वाढतोय. तिथून पुढे सँडी एकेकाला मारत सुटते, पोटातल्या जुळ्यांसाठी.

आता पैशांबद्दल. खर्च सुमारे दहा लाख पाउंड, त्यातला मोठा वाटा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा. दिग्दर्शक नॉर्मन जे. वॉरन हा माणूस ब्रिटनमध्ये कमी पैशांतले भयपट करत आयुष्यभर राबला. २०२१ मध्ये गेला. पटकथा निक आणि ग्लोरिया मेली या नवरा-बायकोची. निक मेली हा मेकअप आणि कृत्रिम प्राण्यांच्या कामातला माणूस, ‘स्टार वॉर्स’च्या प्राण्यांवर काम केलेला. गंमत पाहा, प्राणी बनवणाऱ्यानेच लिहिलेल्या सिनेमात सगळ्यात लंगडी गोष्ट प्राणी हीच आहे. शेवटी दिसणारी ती जुळी बाळं बाहुल्या आहेत हे पहिल्या क्षणी कळतं. वॉरनलाही ते कळत असावं, कारण तो त्यांना फार वेळ दाखवतच नाही.

त्याने पैसा वाचवला तो जागेवर, आणि जागेनेच सिनेमाला अंग दिलं. लंडनच्या आग्नेयेला चिझलहर्स्टची भुयारं आहेत. नैसर्गिक नाहीत, चुनखडी आणि गारगोटीसाठी माणसांनी शतकानुशतकं खणलेल्या खाणी, मैलच्या मैल पसरलेल्या. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचायला हजारो लंडनकर तिथे रात्री काढत. नंतर तिथे रॉक संगीताचे कार्यक्रमही झाले. बहुतेक चित्रीकरण तिथे, थोडं स्टुडिओत, आणि ग्रहाचा उघडा पृष्ठभाग माल्टाच्या गोझो बेटावर. चिझलहर्स्टमध्ये गुहेचा सेट लावायची गरजच नव्हती. ओबडधोबड पांढुरक्या भिंती, पुढे अंधार, आणि वर्षभर उतरत नाही असा गारवा. नट धावतात तेव्हा त्यांना खरोखर वाकावं लागतं, खांदा भिंतीला घासतो. स्टुडिओत उभ्या केलेल्या गुहेत नट कुठेही असा सावरून चालत नाही. एका बाईचा पाय अडकतो, पोशाखाची ऊब जाते आणि ती स्वतःचा पाय कापून सुटायची धडपड करते, तो प्रसंग नीट पाहा. रक्त फारसं नाही. थंडीने तिचा आवाज कसा मंद होत जातो तेवढंच आहे, आणि तेवढं पुरतं.

आता नकलेचा आरोप. ‘एलियन’ १९७९ चा, हा १९८० मध्ये चित्रित झाला, त्यामुळे लोकांना तसं वाटणारच. आपण नक्कल केली नाही असंच वॉरन मुलाखतींत सांगत आला. माझं मत विचाराल तर वातावरण उसनं आहे, त्यात शंका नको. बंद जागा, एकेक माणूस कमी होत जाणं, बाहेर मरण. पण गाभा निराळा आहे. ‘एलियन’मध्ये परका जीव एका पुरुषाच्या छातीत वाढतो आणि फोडून बाहेर येतो, त्या माणसाला काय होतंय हे त्यालाच माहीत नसतं. गर्भारपण असं तिथे नाहीच, आहे तो फक्त जन्म. ‘इन्सेमिनॉइड’मध्ये सिनेमाचा अर्धाअधिक भाग म्हणजे गर्भारपण. सँडीला दिवस गेलेत हे तिला माहीत आहे, बाकीच्यांना माहीत आहे, आणि पोटातला जीव तिच्याकडून काय काय करून घेतोय हे आपण बघत राहतो.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे जो इंग्रजीत लिहिणाऱ्या कुठल्याही समीक्षकाला सुचणार नाही: डोहाळे. आजी म्हणायची, डोहाळे बाईचे नसतात, पोटातल्या जिवाचे असतात. आंबट मागते ती आई नाही, ते बाळ मागतं. म्हणून पुरवायचे. सँडी माणसांचं रक्त पिते, त्यांना फाडते, ते बघताना मला आजीचं हेच वाक्य आठवतं. दोन जिवांची बाई म्हणजे एका देहात दोन इच्छा, आणि त्यातली दुसरी पहिलीवर स्वार झाली तर काय? आपल्या घरांत या गोष्टीचं गोड रूप आहे, हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून जेवू घालायचं. वॉरनच्या सिनेमात तीच गोष्ट उलटी फिरलेली आहे. तुम्ही मराठीत लघुपट करताय ना? मग हा धागा तुमच्या हातात आहे, कुणाकडून उसना घ्यायची गरज नाही.

गीसनविषयी आता नीट लिहिते. ही ‘टू सर, विथ लव्ह’मधली (१९६७) शाळकरी पोरगी, शिक्षक झालेल्या सिडनी प्वाटिएवर जीव टाकणारी. गोड चेहऱ्याची नटी म्हणून लोक तिला ओळखत. इथे ती कुठलाही आडपडदा न ठेवता काम करते. चेहऱ्यावर मुखवटा नाही, डोळ्यांत भिंगं नाहीत, राक्षस म्हणून काहीही चिकटवलेलं नाही. मान थोडी पुढे काढते, ओठ मागे घेते, आणि एकाच वाक्यात दोनदा बदलते: आधी घाबरलेली, मग हिशेबी. मारताना तिला आनंद होत नाही, उसंत मिळते. हे नटीने ठरवून केल्याशिवाय दिसत नाही.

आणि तो प्रसूतीचा प्रसंग. लांब आहे, नको इतका लांब आहे, आणि बहुतेक वेळ कॅमेऱ्यासमोर फक्त तिचा चेहरा आणि तिचा आवाज. त्या किंकाळ्या सुरात नाहीत. फाटतात, मध्येच श्वास संपतो, पुन्हा खालून सुरू होतात. मला कळा सुरू होत्या तेव्हा एका दवाखान्यात नर्स सारखी सांगत होती, ‘ओरडू नका, ताकद वाया जाते.’ मी खाटेची लोखंडी दांडी धरून तोंड मिटून घेतलं होतं. दांडीचा रंग उडाला होता आणि त्याचे पोपडे माझ्या तळव्याला चिकटले होते, हे अजून आठवतं. डॉक्टर आल्या त्या माझ्या नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलल्या, माझ्या डोक्यावरून. म्हणून ते दृश्य बघताना मी उठले होते. मी जो आवाज गिळला तो ही बाई मोकळा सोडत होती. पडद्यावर बाळंतपण तेव्हा आणि आजही दोन मिनिटांत उरकतं, घामाचे चार थेंब आणि टॅहँ. इथे ते उरकत नाही.

डोक्यावरून बोलण्याचंही तसंच. तळावरचे बाकीचे लोक सँडीला पकडायचं की मारायचं यावर आपसांत खल करतात. मार्क, तिच्यावर प्रेम करणारा, तोच एकटा तिला वाचवायचं म्हणतो. आणि शेवटी तिला मारतोही तोच, केबलने गळा आवळून. तो शॉट संपल्यावर मला सुटका झाल्यासारखं वाटलं नाही, आणि सिनेमाची तशी अपेक्षाही नसावी. नंतर त्या जुळ्यांनी उरलेल्यांना संपवलेलं असतं, सुटकेसाठी आलेल्या लोकांना कोणीच सापडत नाही, आणि त्यांच्या यानात ती दोन पिल्लं लपून निघालेली असतात.

दोषही सांगते, कारण हा सिनेमा पाहून येणारा राग मला समजतो. गर्भ घालण्याचं दृश्य बलात्काराचं आहे, त्याला दुसरं नाव देऊ नये. वॉरनने ते शस्त्रक्रियेच्या दुःस्वप्नासारखं रचलंय: टेबल, प्रखर प्रकाश, इंजेक्शन, पारदर्शक नळी. माझ्या मते त्याचा रोख दवाखान्याच्या भीतीकडे होता आणि ती कल्पना चांगली होती. पण त्या बाईच्या उघड्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती नजर वेगळी आहे, आणि तिचं समर्थन मी करणार नाही. जाहिरात तर याहून वाईट. किंचाळणाऱ्या गीसनचं चित्र छापलेली पत्रकं वितरकाने इंग्लंडात लोकांच्या घरांच्या दारांतून आत टाकली. ज्या सिनेमात एका नटीने एवढं काम केलं त्याची ओळख लोकांना या पत्रकाने झाली. अमेरिकेत ‘हॉरर प्लॅनेट’ असं नाव दिलं. ते निदान सभ्य आहे.

शिवाय तळावरचे लोक मूर्खासारखे वागतात, एकटे फिरतात, हत्यार टाकून पळतात. मधली वीस मिनिटं त्यामुळे कंटाळवाणी झालीत. जॉन स्कॉटचं इलेक्ट्रॉनिक संगीत तिथे सिनेमा सावरून धरतं, नाहीतर हातातून सुटला असता.

आता तुमच्या लघुपटाकडे. प्राण्यावर एक रुपयाही घालू नका. तो पैसा नटीला द्या, आणि तिला शूटिंगच्या आधी पंधरा दिवस तालमीला घ्या. ती नटी आई असेल तर तिचं ऐका. नसेल तर तिला एखाद्या अनुभवी सुईणीकडे किंवा प्रसूती विभागातल्या नर्सकडे घेऊन जा आणि दोघींना बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. जागा अशी शोधा जिथे नटांना खरंच वाकावं लागेल. जुना वाडा, बंद पडलेली गिरणी, धान्याचं कोठार, काहीही. लेण्यांचा मोह होईल, पण संरक्षित लेण्यांत परवानगीशिवाय दिवे आणि ट्रायपॉड नेऊ नका; त्या दगडाचं नुकसान भरून येत नाही.

गर्भ घालण्याचं दृश्य मी तुमच्या जागी असते तर दाखवलंच नसतं. सोनोग्राफीच्या टेबलावरची बाई, पोटावर गार जेल, आणि पडद्याकडे बघून गप्प झालेली डॉक्टर, एवढ्यावरून बघणाऱ्याला सगळं कळेल. डॉक्टरने नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं आणि बाई तशीच पडून छताकडे बघत राहिली, की तुमची निम्मी भीती तयार झाली.

आवाज मात्र वेगळा ध्वनिमुद्रित करा, आणि तोही एकाच दमात, सलग आठ-दहा मिनिटं. कापून जोडलेल्या किंकाळ्या लगेच ओळखू येतात. गीसनचा प्रसंग डोळे मिटून एकदा ऐका, मग मी काय म्हणतेय ते कळेल. आणि सिनेमा बघायचा तर रुंद पडद्याची प्रत शोधा. जुन्या कॅसेटवर कडा कापलेल्या असायच्या, आणि कापलं जायचं ते नेमकं भुयारच.