अमेरिकी गायक-गीतकार विली नेल्सन यांचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम इतका साधा असूनही एवढा यशस्वी का झाला?

आपण विचारले आहे की, हा अल्बम ऐकताना तो अर्धवट राहिल्यासारखा वाटतो, वाद्येही मोजकीच आहेत. मग १९७५ साली तो एवढा गाजला कसा? मी अनेक वर्षे हा अल्बम ऐकत आले आहे आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही असेच वाटले होते. तो प्रसिद्ध करणाऱ्या कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अधिकाऱ्यांचाही असाच समज झाला होता. हा केवळ कच्चा नमुना आहे आणि खरे ध्वनिमुद्रण अजून व्हायचे आहे, असे त्यांना वाटले. परंतु कंपनीशी करार करतानाच नेल्सन यांनी संगीताबाबतचा शेवटचा शब्द आपल्याकडे राखून ठेवला होता, त्यामुळे आहे त्याच स्वरूपात तो बाजारात आणण्यावाचून कंपनीपुढे पर्याय उरला नाही. त्या एका अटीमुळेच हा अल्बम वाचला, असे माझे मत आहे.

ही अट त्यांना इतकी महत्त्वाची का वाटली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. त्या काळी कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय गाण्यांचा, धंदा टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरातून चालत असे. तेथे निर्माता सांगेल ती चाल, ठराविक स्टुडिओ-वादक आणि गाण्यावर व्हायोलिनांची व कोरसची साय, अशी रीत पडलेली होती. नेल्सन यांनी लिहिलेले 'क्रेझी' हे गीत गायिका पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ साली गाऊन अजरामर केले, पण गायक म्हणून स्वतः नेल्सन यांना त्या चौकटीत फारसे यश मिळाले नाही, कारण त्यांचा किंचित अनुनासिक आवाज आणि शब्द ठेक्याच्या मागेपुढे टाकण्याची सवय त्या गुळगुळीत वाद्यमेळात बसतच नव्हती. अखेर ते आपल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिनला, परतले.

अल्बमचे शीर्षकगीत त्यांचे नाही. ते जुने गाणे असून, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे रेडिओवर निवेदक असताना नेल्सन ते वाजवत आणि पुढे स्वतःच्या मुलांना झोपवताना म्हणत. कोलोरॅडोहून मोटारीने घरी परतताना पत्नी कॉनी यांनी या गाण्याभोवतीच अल्बम रचावा असे सुचवले आणि प्रवासातच कथा आकाराला आली. एक धर्मोपदेशक आपली पत्नी आणि तिचा प्रियकर यांचा खून करतो आणि काळ्या घोड्यावर बसून भटकत राहतो, सोबत मृत पत्नीचा तांबूस घोडा असतो. वाटेत एक स्त्री त्या घोड्याला हात लावते आणि तो तिलाही गोळी घालतो. 'टाइम ऑफ द प्रीचर' ही चाल ध्रुवपदासारखी पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी आपण त्याच्या अपराधापाशी परत येऊन पोहोचतो. अशा गोष्टीवर व्हायोलिने चढवली असती तर तिचा तमाशा झाला असता.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९७५ मध्ये डॅलसजवळच्या गार्लंड गावातील एका स्टुडिओत, थोड्याच दिवसांत आणि अगदी कमी खर्चात, त्यांच्या नेहमीच्या साथीदारांसह झाले. बहीण बॉबी पियानोवर आणि मिकी राफाएल हार्मोनिकावर होते. नेल्सन यांच्या हातात 'ट्रिगर' नावाची मार्टिन कंपनीची नायलॉनच्या तारांची गिटार होती. अशी गिटार एरवी बोटांनी वाजवतात, पण ते नखीने वाजवतात, आणि त्या घर्षणाने पुढे तिच्या लाकडाला चक्क भोक पडले. 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' या गाण्याच्या मध्यावर याच गिटारीचे छोटेसे एकल वादन आहे. ते कानाशी धरून ऐकावे. त्यात करामत अशी काही नाही, जवळजवळ मूळ चालच वाजते, परंतु काही स्वर इतके रेंगाळून येतात की गाणारा मध्येच गप्प होऊन आठवणीत हरवला आहे असे वाटते. हे गीत फ्रेड रोझ यांनी लिहिले होते आणि १९४० च्या दशकातच ते रॉय एकफ यांनी गायले होते. म्हणजे लोकांना नवे काही मिळाले नव्हते, जुनेच गाणे वरचे सगळे थर काढून मिळाले होते.

तेच गाणे कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बेचाळिसाव्या वर्षी गायक म्हणून नेल्सन यांचे ते पहिले अव्वल स्थान होते आणि त्यासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. अल्बमही कंट्री अल्बमच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला आणि कालांतराने एकट्या अमेरिकेत त्याचा खप वीस लाखांवर गेला.

आपण सुटी गाणी ऐकली असतील तर अपूर्णता जाणवणारच, कारण काही तुकडे जेमतेम मिनिटभराचे आहेत. सारा अल्बम अर्ध्या तासाहून थोडाच मोठा आहे, तेव्हा तो क्रमाने, एका बैठकीत ऐकावा. 'हँड्स ऑन द व्हील' मध्ये त्या भटक्याला शेवटी कोणाचा तरी आधार सापडतो, आणि त्यानंतर 'बँडेरा' हा शब्दांविना वाजणारा तुकडा येतो. तो संपेपर्यंत यंत्र बंद करू नका.