टाकायचं की ठेवायचं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की गावाकडच्या घरात जुन्या वस्तूंचं, कचऱ्याचं तुम्ही काय करता आणि कुठं अडतं ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी सासूबाईंबद्दलची (हे होणारच होतं). जागेपुरती ही पाच घेतलीत.

प्रश्न : ताई, आमच्याकडं अजून अंघोळीचं पाणी बंबावरच तापतं. सासूबाई पहाटे बंब पेटवताना दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, तुटक्या चपला, हाताला लागेल ते आत घालतात. म्हणतात कचरा पण जातो आणि पाणी पण तापतं. काही बोलायला गेलं की "आम्ही काय आजवर मेलो का" हे ठरलेलं. मुलाला सारखा खोकला असतो. कसं समजावू?
— एक सूनबाई, तासगाव तालुका

उत्तर : सूनबाई, आधी एक सांगते, सासूबाईंच्या हिशेबात खोट नाही. त्यांनी जन्मभर बंबात घातलं ते काय, तर शेणी, तुरकाट्या, चिपाडं, बाभळीच्या ढलप्या, आणि त्याची राख झाली की ती भांडी घासायला, उरलेली वांग्याच्या झाडाला, चाळलेली हुलगे-मटकीत घालून ठेवायला, म्हणजे काहीच वाया जात नव्हतं. सवय तीच राहिली, बंबात जाणारा माल मात्र बदलला, घोळ एवढाच आहे.

वायरीचं कव्हर, पाइपचे तुकडे, रेग्झिन, काही काही चपला हे सगळं पीव्हीसी. ते जळलं की आम्लाची वाफ निघते, डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो तो त्यानं. शिवाय बंबाची आग काही कारखान्याच्या भट्टीइतकी तापत नाही, अर्धवट जळतं, आणि अशा अर्धवट जळण्यातच डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. ती लवकर नासत नाहीत, वैरणीवर बसली की जनावराच्या पोटात जातात आणि तिथून दुधातल्या फॅटमध्ये येतात. हे सगळं सासूबाईंना सांगत बसू नका, व्याख्यान वाटेल. त्यापेक्षा बंबातली राख त्यांच्यासमोर चाळणीनं चाळा. काळे कडक गोळे वर राहतील, आणि वेफर्सच्या पाकिटातला तो चंदेरी पापुद्रा चमकत राहील, कारण तो ॲल्युमिनियमचा असतो आणि तसाच मागं उरतो. मग नुसतं विचारा, आई, ही राख मटकीत घालू का? पुढचं त्याच बोलतील.

आता त्या प्लास्टिक का घालतात ते बघा. कचरा संपवायला कमी आणि पेटवण म्हणून जास्त. पावसाळ्यात लाकूड दमट, रेशनचं रॉकेल गेलं, मग पटकन पेटणारं काय तर पिशवी. म्हणून भांडत बसण्यापेक्षा बंबाशेजारी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवा आणि त्यात उन्हाळ्यातच करवंट्या, नारळाच्या शेंड्या, भुईमुगाची टरफलं, मक्याची वाळलेली बुरकुंडं भरून झाकण लावा. त्याच भिंतीला एक खिळा ठोकून रिकामं पोतं अडकवा, प्लास्टिक त्यात. दुधाची पिशवी विसळून वाळवली की भंगारवाला किलोवर घेतो, पण कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा, नाहीतर तो बारका तुकडा कुणी गोळा करत नाही आणि शेवटी शेणात सापडतो.

वेफर्सची पाकिटं मात्र भंगारवाला घेणार नाही, थर वेगळे करता येत नाहीत म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. ती वेगळी भरून ठेवा, त्याचं खाली चौथ्या उत्तरात आहे. आणि मुलाचा खोकला डॉक्टरला दाखवा, बंब सुधारायची वाट बघत बसू नका.

प्रश्न : द्राक्षबाग असल्यामुळं औषधाचे कॅन फार जमतात, लिटरापासून वीस लिटरपर्यंत. मजूर बायका त्यातून प्यायचं पाणी नेतात, आईनं एका पाच लिटरच्या कॅनमध्ये गोडेतेल ठेवलंय. पावडर टाकून गरम पाण्यानं दोनतीनदा धुतलेत, वास पण जात आलाय. चालतंय ना?
— एक बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : नाही चालत दादा. ते तेल आजच काढून टाका, म्हशीच्या आंबोणात नको आणि देवाच्या दिव्यालासुद्धा नको. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं, बऱ्याच औषधांना मुळात वासच नसतो, वास असतो तो त्यात मिसळलेल्या द्रावकाचा. कॅनचं प्लास्टिक औषध थोडं थोडं पिऊन घेतं, आणि बरीचशी कीटकनाशकं पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात, म्हणजे साबणाच्या पाण्याला जे निघालं नाही ते गोडेतेल हळूहळू ओढून घेणार. आईंनी ठेवायला नेमकी सगळ्यात वाईट वस्तू निवडलीय, पण त्यांचा तरी काय दोष, असा घट्ट झाकणाचा, धरायला मूठ असलेला कॅन विकत घ्यायला गेलं तर पैसे पडतात.

लेबलवर चौकोनात त्रिकोण असतो तो बघत जा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायला हरकत नाही असा अर्थ काढणारे पण मला भेटलेत म्हणून लिहिते, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, बास.

कॅन रिकामा झाला की फवारणीच्या जागीच धुवायचा, घरी आणून मोरीत नाही. पाव कॅन पाणी घ्या, झाकण लावून अर्धा मिनिट खळखळून हलवा, ते पाणी पंपातच ओता, असं तीनदा. औषध पण वाया जात नाही. मग तापल्या सळईनं नव्हे (धूर नाकात जातो), साध्या खिळ्यानं किंवा विळ्यानं बुडाला भोकं पाडा म्हणजे परत कुणाच्या मनात भरणार नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांमध्ये 44 वा नियम याच्यावरच आहे, रिकामी वेष्टनं अशी उघड्यावर टाकायची नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायची. ओढा आणि विहीर दोन्हीपासून लांब, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या भागात विक्रेता किंवा कंपनी परत घेत असेल तर ते पुरण्यापेक्षा कधीही बरं, दुकानात विचारा.

मजूर बायकांसाठी एक नवा जार घ्या. बागेच्या एका फवारणीच्या खर्चात किती जार येतील ते तुम्हीच मोजा. आणि बाजारातून जुने निळे ड्रम आणता का? त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्याला नीट सांगता येत नसेल तर तो ड्रम जनावराच्या पाण्यालासुद्धा नको.

प्रश्न : आईच्या हातच्या गोधड्या वीस वीस वर्षं टिकल्या. मी शिवलेली गोधडी जड पण होते आणि ऊब पण देत नाही, अंगावरून सरकते. साड्या तर चांगल्या वापरल्यात. काय चुकतं?
— पाटण तालुका

उत्तर : चुकत काही नाही, साड्या सिंथेटिक आहेत. आईच्या गोधडीत सुती लुगडी होती, नऊवारी, वापरून वापरून मऊ झालेली, आणि धोतरं. सूत घाम पितं आणि थरांमध्ये हवा धरून ठेवतं. आताच्या साड्या पॉलिस्टरच्या, गुळगुळीत, एकावर एक बसतच नाहीत, घामानं मात्र चिकटतात. आत सुती घाला, जुन्या चादरी, पंचे, सुती परकर, गळ्याशी विटलेले बनियन, आणि सिंथेटिक साडी फक्त वरच्या बाजूला, तिचा रंग टिकतो आणि धुतली की लवकर वाळते. धाव टाका जवळ जवळ घ्या, चार बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं की आतला थर गोळा होतो. कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे लावायचे विसरू नका, गोधडी झटकताना पहिला जोर तिथंच येतो. एक सावधगिरी, सिंथेटिक वर असलेली गोधडी शेकोटीपासून, चुलीपासून लांब, ते जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं.

प्रश्न : ग्रामपंचायतीनं घंटागाडी सुरू केली, ओला-सुका वेगळा द्या म्हणून सांगितलं. आम्ही देतो. गाडी ते सगळं एकत्र करून नदीकाठी ओतून येते. मग आम्ही का वेगळा करायचा?
— एक त्रासलेला ग्रामस्थ, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : राग रास्त आहे. पण मला आधी एक कळत नाही, खेड्यातल्या घरातून ओला कचरा गाडीत जातोच कशाला? भाजीची देठं शेळीला, उष्टं कुत्र्याला, बाकी उकिरड्यात, असं असताना आपण शहराची नक्कल करून दोन बादल्या घेतल्या. उकिरडा बंद करायची गरजच नव्हती, त्यातलं प्लास्टिक बंद करायचं होतं. जागा असेल तर नाडेपचं टाकं बांधा, आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची पद्धत, त्यांनाच सगळे नाडेपकाका म्हणायचे. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या भिंतीला हवेसाठी भोकं ठेवलेली. पालापाचोळा-काडीकचरा चौदा-पंधरा क्विंटल, माती सतरा-अठरा क्विंटल आणि शेण फक्त एखादा क्विंटल, भरपूर पाणी मारत थर द्यायचे आणि वरून लिंपायचं, तीन-चार महिन्यांत खत. घरी एकच जनावर उरलेल्यांना हे फार सोयीचं आहे.

राहिलं प्लास्टिक. राज्यात मार्च 2018 मध्ये बंदीची अधिसूचना निघाली, देशात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या, तरी आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला पण पिशवी मिळते, तर ते येतच राहणार. त्याच्यासाठी पैसा आहे, हे मात्र गावात कुणी सांगत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत, मोठ्या गावाला माणशी 45, आणि तालुक्याला प्लास्टिक हाताळणीच्या युनिटसाठी 16 लाखांपर्यंत अशी तरतूद धरलेली आहे. ग्रामसभेत उभं राहून "कचऱ्याचं काय" असं विचारू नका, त्याला उत्तर "बघू" हेच येतं. विचारायचं की आपल्या गावाचा आराखडा मंजूर आहे का, त्यात किती रक्कम होती, शेड कुठं आहे, तालुक्याचं प्लास्टिक युनिट कुठल्या गावात आहे आणि आपली गाडी तिथं महिन्यातून किती वेळा जाते. प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पहिल्या पत्रातल्या वेफर्सच्या पाकिटांची जागा तेच युनिट, तोवर पोत्यात कोरडी राहू द्या, वर्षभराची पाकिटं दाबली तर एका युरियाच्या गोणीत मावतात.

प्रश्न : आमचे हे काहीच टाकू देत नाहीत. "लागेल कधीतरी." माळ्यावर पाइपचे तुकडे, जळालेल्या मोटारी, फुटक्या बादल्या, ठिबकच्या नळ्या, बंद पडलेले बल्ब. उंदीर झालेत. — नाव छापू नका

उत्तर : नाव छापलं नाही, तरी शंभर घरांत हे पत्र आपलंच आहे असं वाटणार. ठिबकच्या नळ्या आणि मोटारी यांना भंगारात बऱ्यापैकी भाव येतो, मोटारीत तांबं असतं, तेव्हा घरात येऊन "वजनावर लसूण देतो, पापड देतो" म्हणणाऱ्याला ती देऊ नका, तालुक्याच्या दुकानात काट्यावर घाला. फुटक्या बादलीला भोकं आहेतच, माती भरून कढीपत्ता लावा. जुने वेटोळ्याचे सीएफएल बल्ब फोडू नका, आत थोडा पारा असतो, खोक्यात गुंडाळून वेगळे ठेवा. बॅटरी नवी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्या, किंमत वजा होते.

यांना विचारून काही निघणार नाही. मोटारीचे पैसे हातात ठेवा, मग नळ्या ते स्वतःच काढतील.