विसर्जनात गेलेली बोरमाळ आणि बुडी मारणाऱ्याचा ‘निम्मा वाटा’

प्रश्न : आम्ही वाईचे. विसर्जनाच्या घाईत गणपतीच्या गळ्यातली सासूबाईंची बोरमाळ काढायची राहिली आणि मूर्तीबरोबर कृष्णेत गेली. पोहण्यात पटाईत अशा दोन मुलांना रोजावर ठरवून तीन दिवस शोधायला लावलं. यजमानांनी व्हॉट्सॲपवर ‘माळ मिळाली तर अकरा हजार वेगळे’ असंही लिहिलं होतं. माळ मिळाली नाही, रोज चुकता केला. आठवड्यानं धोम धरणाचं पाणी कमी झाल्यावर त्यातल्या एकानं आपणहून बुडी मारून ती काढली. आता म्हणतो, निम्मी किंमत द्या; तुम्ही पाण्यात सोडलीत, म्हणजे सापडेल त्याची. जास्त बोललात तर तहसीलदारांना कळवीन, सरकारजमा होईल. दिरांनी फोनवर त्याला ‘बरं, बघू’ म्हटलं, ते त्यानं रेकॉर्ड केलंय. यजमान म्हणतात, एक पैसा द्यायचा नाही. पोलीस ठाण्यातून ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवलं. काय करावं?

उत्तर : ताई, माळ तुमच्या घरचीच आहे, पण अकरा हजार त्याचे आहेत. यजमानांना हे पटायला जड जाईल, तरी त्यांना हे उत्तर पूर्ण वाचायला द्या.

आधी ‘सापडेल त्याची’ हा मुद्दा. वस्तूवरची मालकी सुटते ती सोडायच्या इराद्यानं, नुसती हातातून निसटली म्हणून नाही. नाशिकला रामकुंडात भाविक नाणं टाकतात, ते परत न्यायचं नसतं. गाळ चाळून ती नाणी काढणाऱ्या पोरांकडे कुणी हिशेब मागत नाही. तुम्ही मूर्ती विसर्जित केलीत, माळ राहून गेली. याचा पुरावा तर त्याच्याच खिशात आहे. ही माळ तुमची म्हणून शोधण्याचे तीन दिवसांचे पैसे त्यानं तुमच्याकडूनच घेतले.

तहसीलदारांची धमकी पोकळ आहे. गुप्तधनाचा कायदा 1878चा, आणि तो जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या वस्तूत दडवून ठेवलेल्या धनाला लागतो. नदीचं पात्र सरकारच्या मालकीचं असतं हे खरं, पण म्हणून त्यात पडलेला तुमचा दागिना सरकारचा होत नाही.

आता खरी मेख. भारतीय करार कायदा, 1872, कलम 168. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्याला मालकानं ठरावीक बक्षीस कबूल केलं असेल, तर त्यासाठी तो दावा लावू शकतो आणि बक्षीस हातात पडेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणजे आज माळ त्याच्याकडे आहे एवढ्यानं तो चोर ठरत नाही. यजमान म्हणणार, काम तर तीन दिवसांत संपलं होतं. रोजाचं काम संपलं, बरोबर. पण बक्षिसाच्या त्या निरोपात मुदत कुठे आहे? आणि तो मागे घेतल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. आठ-दहा दिवसांत माळ निघाली, ही कोणत्याही न्यायाधीशाला वाजवीच मुदत वाटेल. 1913 साली अलाहाबाद उच्च न्यायालयात लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा खटला झाला. हरवलेला मुलगा शोधून आणणाऱ्या मुनिमाला 501 रुपयांचं बक्षीस नाकारलं गेलं, कारण शोधताना त्याला बक्षिसाची माहितीच नव्हती, शिवाय शोधणं हे त्याच्या नोकरीतलंच काम होतं. तुमच्या बुडी मारणाऱ्याला बक्षीस पक्कं ठाऊक होतं आणि त्या दिवशी तो तुमच्या रोजावर नव्हता. तो खटला तुमच्या कामाचा नाही.

मात्र निम्मी किंमत हे त्याचं मनचं गणित. रक्कम ठरलेली असताना नंतर ती एकट्यानं वाढवता येत नाही. आणि दिरांचं ‘बरं, बघू’? स्वीकृती निःसंदिग्ध लागते. ‘बरं, बघू’वर करार होऊ लागले तर आपल्याकडे एकही पाहुणा सुरक्षित राहायचा नाही! तरी यापुढे फोनवर घरातल्या एकानंच बोलावं.

भीती आहे ती माळ मोडीत जाण्याची. कलम 169 प्रमाणे सापडलेली वस्तू विकता येते, पण मालक मिळत नसेल किंवा कायदेशीर येणं द्यायला नकार देत असेल, आणि त्यातही वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा येणं तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेलं असेल, तरच. सोनं पाण्यात नासत नाही आणि अकरा हजार कुठेच पोचत नाहीत. पण ‘एक पैसा देणार नाही’ हे यजमानांनी त्याला लिहून पाठवू नये. नकाराचा पुरावा आपण का द्यावा?

म्हणून क्रम असा ठेवा. वकिलामार्फत नोटीस द्या. माळ सासूबाईंची, तर नोटीसही त्यांच्याच नावानं. अकरा हजार द्यायला तयार आहोत, इतक्या दिवसांत माळ द्यावी, ती विकू वा मोडू नये, एवढंच तिच्यात. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. पैसे देऊ केल्यावरही तो अडून बसला, तर माळ अडकवून ठेवायचा त्याचा हक्क संपला. मग भारतीय न्याय संहितेचं कलम 314, मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार, किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं कैद. हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस नोंद घेऊन तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतील. त्यांनी परत पाठवलं ते सगळंच टोलवाटोलवी नव्हती. पण पुढच्या वेळी नोंद करून तिची प्रत मागाच. सोबत दिवाणी न्यायालयात माळ परत मिळण्याचा दावा आणि ती मोडू नये म्हणून मनाई अर्ज. मुदत तीन वर्षं, माळ त्याच्याकडे आहे हे तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. मनाई अर्जाला मात्र उशीर नको.

जुन्या माळेची पावती नसणारच. दरवर्षीचे गणपतीचे फोटो काढा, माळ गळ्यात स्पष्ट दिसणारे. रोजाचे पैसे यूपीआयनं दिले असतील तर त्या नोंदी, आणि तो व्हॉट्सॲप निरोप. फोन बदलू नका. निरोपाची छापील प्रत न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023च्या कलम 63चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. धरणातून पाणी सोडलेलं असताना दोराशिवाय माणूस डोहात उतरवू नये. त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर निष्काळजीपणानं मृत्यूचं प्रकरण तुमच्या दाराशी आलं असतं.

माझा अंदाज, नोटीस पोचली की तो बोलायला येईल. तेव्हा घाटावर देवघेव करू नका. ओळखीच्या सराफाकडे बसा, मणी मोजा, वजन करा. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, तेव्हा वजन लाखेसकट की निव्वळ सोन्याचं, हे सराफाकडून लिहून घ्या. अकरा हजार ऑनलाइन द्या आणि कागदावर त्याची सही घ्या : बक्षीस मिळालं, माळ दिली, आता काही येणं नाही. त्याचा जोडीदार उद्या बक्षिसात वाटा मागायला येऊ शकतो, तेव्हा त्याचीही सही त्याच कागदावर घ्या.