बघ्यांच्या गर्दीत पहिला हात कोणाचा?

प्रश्न : बायपासवर दुचाकीवाला पडला होता. तीस-चाळीस जण जमले, पण बराच वेळ कोणी वाकलं नाही. मीही त्यांतलाच. माणसं इतकी निर्दयी झालीत का? आणि मदत केली की पोलिसांचं लचांड मागे लागतं, हे खरं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : निर्दयी नाही. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, एव्हाना कोणीतरी फोन लावला असेल. बाकीचे गप्प उभे दिसले की ‘फार लागलेलं नसावं’ असंही वाटतं. तेही आपल्याकडे बघून तेच ठरवत असतात. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेडफोनवर एका माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण फिट संपण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. जे उठले नाहीत, त्यांतल्या बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. त्यांना काळजी होती, पाऊल उचलत नव्हतं.

म्हणून ‘अरे, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट करा : ‘निळा शर्टवाले दादा, १०८ लावा आणि लागला की मला सांगा.’ दुसऱ्याला मागून येणारी वाहनं थांबवायला पाठवा. फोनवर गावाच्या नावासोबत जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि रस्त्याची बाजू सांगा, नाहीतर गाडी दुभाजकापलीकडून निघून जाते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणीची घडी जखमेवर तळहाताने घट्ट दाबा. थांबलं का, म्हणून उचलून बघू नका, धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढू नका, मानेला इजा असू शकते. काच तेवढी वर करा. हाका मारूनही हालचाल नाही आणि श्वास थांबलाय किंवा नुसते आचके येताहेत, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबा.

आपल्याकडे सगळ्यांत आधी पुढे येते ती पाण्याची बाटली. ती थांबवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. हातपाय धरून रिक्षात कोंबणंही तसंच घातक. मणका दुखावला असेल तर तिथेच कायमचं नुकसान होतं.

लचांडाबद्दल : मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेसाठी वा मृत्यूसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की पैसे भरायला लावू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही, तुमची मर्जी.

प्रश्न : मग मदत न करणं गुन्हा आहे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : जर्मनीत आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे वाटसरूवर तशी सरसकट सक्ती नाही. अपघातात ज्याची गाडी होती त्या चालकावर मात्र कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी आहे. आणि डॉक्टरने आधी उपचार करायचे, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. दारात कोणी ‘आधी पोलीस केस करा’ म्हणालं, तर हाच निकाल सांगा.